दुसऱ्या खुर्चीवरचा हिरवा बाण

या सदरातले अनुभव मी तीनेक वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर वाचते ती खोड काढायलाच. कुणी लिहिलं की जिन्यात पैंजण वाजले, की खाली माझी प्रतिक्रिया ठरलेली — बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या, झोप पूर्ण करा. जुन्या सभासदांना मी आठवत असेन. तेव्हा आज मला धुवून काढायचा तुमचा हक्क मी आधीच मान्य करते. फक्त शेवटपर्यंत वाचा, मग काय ते बोला.

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आजही "आहे" असं म्हणायला जीभ रेटत नाही. आमच्या घरी मांजर आडवं गेलं तर आई मांजरालाच ओरडायची. एमडी करताना शवागाराच्या शेजारच्या खोलीत बसून मी अभ्यास केलाय, डबा खाल्लाय, टेबलावर डोकं ठेवून झोपलेसुद्धा आहे. कधी साधी पाल चुकचुकली नाही.

गोष्ट २०११ सालची. आम्ही आयर्लंडमध्ये, नासला राहतो. नवरा सिटीवेस्टला सॉफ्टवेअरमध्ये, आणि मी गाडीने अर्ध्या तासावरच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट. नाव विचारू नका. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे पेशंटला न भेटणारी डॉक्टर. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे येतो, लॅबमध्ये तो मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे केसाहून बारीक काप काढतात, काप काचेवर चिकटवून रंगवतात, आणि ती काच — म्हणजे स्लाइड — मायक्रोस्कोपखाली बघून मी सांगते की हे काय आहे.

इथे थोडं लेन्सचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या मायक्रोस्कोपला चार लेन्स — चारची, दहाची, चाळीसची आणि शंभरची. आकडा वाढेल तसं मोठं दिसतं. पण फुकट काही मिळत नाही! चारमधून काचेवरचं साडेपाच मिलिमीटरचं वर्तुळ दिसतं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. चाळीसमधून जेमतेम अर्धा मिलिमीटर. शंभरमधून त्याच्याही निम्म्याहून कमी. जितकं मोठं बघाल तितकं थोडं बघाल, आणि उरलेली काच तुमच्यापुरती नाहीशी होते. ती गेली आहे हे जाणवतही नाही, कारण डोळ्यांपुढचं वर्तुळ कायम भरलेलंच असतं.

माझ्या आधी त्या खोलीत डॉ. डोनाल असायचे. दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. मायक्रोस्कोप दोन तोंडांचा होता — टेबलाच्या अलीकडे एक, पलीकडे एक, दोघांना दिसणारं दृश्य एकच. स्लाइड मी हलवायची, ते समोरच्या खुर्चीवरून बघायचे. त्यांच्या हाताशी वायरवर एक डबी होती, तिला छोटी दांडी. अंगठ्याने ती दांडी हलवली की आम्हा दोघांच्या नजरेत एक हिरवा बाण फिरायचा. "हे बघ" म्हणून दाखवायला. त्या बाणाचं एक लक्षात ठेवा — तो स्लाइडवर नसतो, आत, डोळ्याच्या बाजूला उमटतो. त्यामुळे लेन्स कुठलीही लावा, बाकी सगळं लहानमोठं होतं, बाण मात्र तेवढाच राहतो. काही सापडलं की डोनाल त्याच्याभोवती बाण दोनदा फिरवायचे. दोनदाच. मग गप्प बसायचे आणि मला बोलू द्यायचे.

त्यांची शिस्त कडक होती. आधी काच खिडकीकडे धरून नुसत्या डोळ्यांनी बघायची. मग चार, मग दहा, मग चाळीस. आणि सही करण्याआधी परत चार. "गो होम टू द फोर," म्हणायचे. बाहेर हवं तितकं भटक, पण सही घरी येऊन कर. मला ते म्हातारपणाचे चोचले वाटायचे. पन्नास स्लाइडी पडलेल्या असताना कोण घरी जातंय!

२०१० मध्ये त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. नजरेचा मधला भाग गेला, कडेचं तेवढं दिसत राहिलं. मायक्रोस्कोपवर आयुष्य काढलेल्या माणसाला समोरचं दिसेना. ते निवृत्त झाले, खोली मला मिळाली. बायको आधीच वारली होती, त्यामुळे काही महिन्यांनी ते आमच्याच किल्डेअर जिल्ह्यात एका नर्सिंग होममध्ये राहायला गेले. तिथून माझं घर वीस मिनिटांवर. मी एकदाही भेटायला गेले नाही. काम होतं, असं मी सगळ्यांना सांगायची.

आता पल्लवी. मूळची पुण्याची, माझ्या नवऱ्याच्याच ऑफिसात टेस्टर, माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान, मला मेधाताई म्हणते. आम्ही नासला आलो तेव्हा घरात चमचासुद्धा नव्हता. अनोळखी असून ही बाई गादी, कुकर आणि आठवडाभराची भाजी घेऊन दारात उभी राहिली. तिची मुलगी ईरा तेव्हा दोन वर्षांची होती. बहीण म्हणा हवं तर.

त्या वर्षी एप्रिलमध्ये, मंडळाच्या गुढीपाडव्याच्या पॉटलक जेवणाला पल्लवी गळ्याला स्कार्फ गुंडाळून आली. मानेत गाठ होती, दोन महिने जात नव्हती, शेवटी काढली होती. परदेशातल्या मराठी मंडळात तुम्ही डॉक्टर असाल तर तुम्हाला सांगायला नकोच. श्रीखंड वाढून घेईपर्यंत तीन जणांचे रिपोर्ट वाचून होतात. पल्लवीने मला कोपऱ्यात ओढलं.

"तुझ्याच लॅबला येणार आहे गं गाठ. सर्जन म्हणाला, भारतातून आलीयेस, टीबी असू शकतो. माझ्या मामाला होताच की."

"मग टीबीच असेल. सहा महिने गोळ्या. त्याला काय घाबरायचं?"

"तूच बघशील ना? मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही."

"मीच बघते," मी म्हणाले.

इथे मी चुकले. ओळखीच्या माणसाची स्लाइड स्वतः बघायची नाही, दुसऱ्याकडे द्यायची, हा आमचा साधा नियम आहे. पण घरचा डॉक्टर असताना बाहेरचा कशाला, हे आपल्या रक्तातच आहे ना. नकार दिला असता तर मीच मला परकी वाटले असते.

सोमवारी स्लाइडी आल्या. डोक्यात टीबी पक्का बसलेला, सर्जनच्याही आणि माझ्याही. मी काच खिडकीकडे धरली नाही. चार लावली नाही. तेलाचा थेंब टाकून सरळ शंभरवर गेले आणि टीबीच्या जंतूंच्या लालबारीक काड्या शोधत बसले. दीड तास. मान आखडली. एकही काडी नाही. मग दुसऱ्या स्लाइडवर, चाळीसने, गाठीच्या मधोमध थोडी फिरले. सगळं ठीक. नुसती सुजलेली गाठ.

रिपोर्टवर सही व्हायची होती. तरी मी जिन्यात जाऊन तिला फोन केला.

"टीबी नाही. बाकीही काही नाही. ग्रँड आहेस तू." इथे ठणठणीत माणसाला ग्रँड म्हणतात.

पलीकडे ती रडायलाच लागली. मग नाक ओढत म्हणाली, "मेधाताई, गुरुवारी ते मानेचं स्कॅन आहे. रद्द करू का गं? शुक्रवारी पुण्याला निघायचंय, भावाचं लग्न. किती पसारा पडलाय!"

"कर रद्द," मी म्हणाले.

मंगळवार, सकाळचे साडेदहा. वेळ नक्की आठवते, कारण बाहेर चहाची ट्रॉली आली होती. खिडकीबाहेर कार पार्क, त्यापलीकडे कुंपणात दोन घोडे, लख्ख ऊन. वातावरणनिर्मितीला काहीही नव्हतं. सही करायची म्हणून मी पल्लवीची स्लाइड पुन्हा लावली, चाळीसवर, आणि डोळे टेकवले.

वर्तुळात डावीकडे हिरवा बाण होता.

पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. दोन वर्षं रोज बघितलेली वस्तू! वाटलं, समोर ब्रीडा येऊन बसली. ब्रीडा म्हणजे आमच्या लॅबमध्ये काप काढणारी, पंचावन्नची, गप्पिष्ट. मी डोळे न उचलताच म्हणाले, "काय गं, चहा झाला?"

उत्तर नाही. मी मान वर केली. समोरची खुर्ची रिकामी होती, टेबलाच्या आत सरकवलेली. तिच्यावर माझाच कोट.

पुन्हा बघितलं. बाण होता. आणि मी बघत असताना तो सरकला... डावीकडे, वर्तुळाच्या कडेपर्यंत, आणि तिथे अडला. थोडा मागे आला, परत कडेला जाऊन थांबला. दाखवायचं आहे ते वर्तुळाबाहेर असलं की डोनाल असंच करायचे. असल्या वेळी मी लेन्स बदलायला उशीर केला की टेबलाखाली त्यांचा पाय हलायला लागायचा.

डोकं लगेच हिशेब करायला लागलं — आतला दिवा बिघडला असेल, काचेवर कचरा असेल. डोळा टेकवतात ती नळी मी फिरवली. कचरा असता तर तो तिच्याबरोबर फिरला असता. बाण जागचा हलला नाही. स्लाइड सरकवली. पेशी सरकल्या, बाण तिथेच. दहा लावली. पेशी लहान झाल्या, बाण तेवढाच. आणि अजूनही कडेला अडलेला.

मग मी चार लावली.

गाठीचा मोठा भाग वर्तुळात आला, आणि बाण सुटल्यासारखा निघाला. गाठीच्या मधून आरपार, जिथे मी आदल्या दिवशी फिरले होते त्या भागावरून न थांबता पुढे, थेट डाव्या काठापर्यंत. गाठीच्या अगदी सालीपाशी तो थांबला. आणि तिथे फिरला. एकदा. दोनदा.

मग स्थिर.

मी स्लाइड सरकवून ती जागा मधोमध आणली. दहा. चाळीस. बाणाच्या टोकाशी पेशींचा एक छोटासा झुबका होता. आतून पोकळ वाटणाऱ्या, फिकट, एकमेकींवर चढलेल्या पेशी. मला शंका घ्यायलाही जागा नव्हती. गाठीत त्या पेशींचं काही कामच नाही. त्या थायरॉईडच्या होत्या, थायरॉईडच्या कर्करोगाच्या, मानेतल्या गाठीच्या काठावर येऊन बसलेल्या.

आणि मी "ग्रँड" म्हणाले होते. स्कॅन रद्द कर म्हणाले होते.

भीती बाणाची नव्हती, या वाक्याची होती. मी शाईचं पेन घेऊन काचेवर त्या जागी ठिपका दिला — कुठली जागा आहे ते हरवू नये म्हणून आम्ही देतो तसा. मग उठले आणि जवळजवळ पळतच ब्रीडाला घेऊन आले. दोन मिनिटं लागली असतील.

बाण नव्हता.

ठिपका होता. ठिपक्याखाली, चारवर, दहावर, चाळीसवर — गाठीची साल, थोडी चरबी, आणि काही नाही. झुबका नाही. मी सगळा काठ पालथा घातला. तीनदा. दुसरी स्लाइड चुकून लावली होती का? नंबर तोच, नाव तेच, ठिपका माझाच, अजून ओला.

ब्रीडा समोरच्या तोंडातून बघत होती. "मला इथे काहीच दिसत नाही, लव्ह."

"बाण कोणी चालू केला होता?"

"कुठला बाण?"

"डोनालचा. हिरवा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उठली, टेबलाखाली वाकली आणि त्या डबीची वायर वर काढून दाखवली. वायर गुंडाळून रबरबँड लावलेली, टोकाला काहीही नाही. "तो तर युअर मॅन, तुझा डोनाल, सोडून गेला तेव्हाच बंद केला. अडॅप्टर मीच काढून नेला, माझ्या रेडिओला लागत होता. तू ठीक आहेस ना? चेहरा पांढराफटक पडलाय."

मी म्हणाले, "ब्रीडा, या ठोकळ्यात आणखी खोल काप काढशील? आजच."

"कारण काय लिहू?"

"लिही, मेधाला झोप लागत नाहीये."

ब्रीडा हसली नाही. म्हणाली, "कापून बघूया की. मेण आहेच." या देशातल्या बायकांची ही गोष्ट मला फार आवडते.

ती रात्र कशी काढली ते लिहीत नाही. नवऱ्याला काही बोलले नाही. मला वेड लागत असेल तर पल्लवीला स्कॅन रद्द करू दे, लग्नाला जाऊ दे. आणि लागत नसेल तर... हा रोग सावकाश चालतो, दोन दिवसांनी काही बिघडत नाही. पण "काही नाही" असा माझ्या सहीचा कागद तिच्या हातात पडला असता, तर पुढची कितीतरी वर्षं तिच्या मानेकडे कुणी बघितलं नसतं. खुद्द तिनेही नाही. ताईने सांगितलंय ना, ग्रँड!

बुधवारी सकाळी ब्रीडाने पाच नव्या स्लाइडी ट्रेमध्ये ठेवल्या. प्रत्येक काप आधीच्याहून खोलातला. या वेळी मी काच खिडकीकडे धरली. मग चार. पहिल्या स्लाइडवर काठ रिकामा. दुसरीवर रिकामा. तिसऱ्या स्लाइडवर डाव्या काठाला, सालीपाशी, जांभळा कण. दहा. चाळीस.

तोच झुबका.

चौथ्यावर तो जरा मोठा झाला होता. ब्रीडाने माझ्या हातातून तिसरी स्लाइड घेतली, मंगळवारची ठिपकेवाली तिच्यावर धरली, गाठीच्या कडा जुळवल्या आणि दोन्ही खिडकीकडे केल्या. ठिपका बरोबर त्या कणावर बसला. घोड्यांपैकी एक कुंपणाला अंग घासत होता, ते बघत आम्ही दोघी उभ्या राहिलो.

म्हणजे मंगळवारी मी जे बघितलं ते काचेवर नव्हतंच. ते तेव्हा मेणात होतं, खाली, कुणीही न कापलेल्या भागात. लेन्स मोठं दाखवते, लहान दाखवते, पण जे काचेवर नाही ते कुठली लेन्स दाखवेल?

स्लाइडी मी दुसऱ्या कन्सल्टंटच्या टेबलावर नेऊन ठेवल्या, सोमवारीच ठेवायला हव्या होत्या तशा. त्याने दहा मिनिटांत तेच सांगितलं. सर्जनलाही त्यानेच कळवलं. पण पल्लवीला फोनवरून कळायला नको होतं. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. हॉलमध्ये बॅगा उघड्या, वहिनीसाठी घेतलेली पर्स, चॉकलेटचे डबे. ईरा सहा वर्षांची झाली होती, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच. "मावशी, आर यू स्टेइंग फॉर यूअर डिनर?"

पल्लवीने माझा चेहरा बघितला आणि हातातली साडी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. बाणाचं सोडून सगळं. पुन्हा काप काढले, काठावर सापडलं, स्कॅन करायलाच हवं, ऑपरेशन लागेल, यातून माणसं बरी होतात, पूर्ण बरी होतात.

ती हळू आवाजात म्हणाली, "तू ग्रँड म्हणालीस."

"हो."

"मी आईला फोन केला. तिने देवापुढे साखर ठेवली. मी विचारलं म्हणून तू काहीही सांगायचं, मेधाताई?"

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी तिथेच बसून राहिले, तिने हाकललं नाही, आणि शेवटी ईरानेच आमच्या दोघींपुढे वरणभाताच्या ताटल्या आणून ठेवल्या.

स्कॅन झालं. थायरॉईडमध्ये वाटाण्याहून लहान गाठ होती, बोटांना लागणं शक्यच नव्हतं. मेमध्ये ऑपरेशन. भावाचं लग्न तिने लॅपटॉपवर बघितलं. आज ती ठणठणीत आहे, रोज एक गोळी घेते. गळ्यावर पांढरी रेघ आहे, ती आता स्कार्फने झाकत नाही. माझ्याशी पुन्हा नीट बोलायला तिला वर्ष लागलं.

जूनमध्ये, एका रविवारी दुपारी, मी डोनालना भेटायला गेले. खरं सांगायचं तर माया म्हणून नाही, भीती म्हणून.

ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. वाळले होते खूप. मला तिथे घेऊन जाणारी नर्स दारातच हळू आवाजात म्हणाली, "बोलतील थोडंफार. हाताकडे लक्ष देऊ नका, अंगठा सारखा हलत असतो. एप्रिलपासून सुरू झालंय. डॉक्टर म्हणतात, कंप असेल."

मी कंप बघितलेला आहे. हा कंप नव्हता. उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर, मूठ अर्धी मिटलेली, आणि अंगठा हवेत काहीतरी ढकलत होता. डावीकडे. डावीकडे. थांबला. मग छोटं वर्तुळ... आणि आणखी एक. पुन्हा डावीकडे.

मी दारातच खिळले. एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी मान माझ्यापासून दूर फिरवली — कडेचं दिसतं ना, म्हणून माणूस बघायचा तर त्यांना तोंड वळवावं लागायचं.

"मेधा," ते म्हणाले. "डिड यू गो होम टू द फोर?"

"गेले," मी कशीबशी म्हणाले. "उशिरा गेले."

"उशिरा का होईना." त्यांनी मान हलवली. "पेशंट?"

"बरी आहे. बरी होईल."

"ग्रँड," डोनाल म्हणाले. आणि अंगठा थांबला.

मी तासभर बसले. चहा प्यायलो, हवेबद्दल बोललो, घोड्यांच्या शर्यतींबद्दल बोललो. स्लाइडबद्दल मी विचारलं नाही आणि तेही बोलले नाहीत. त्यानंतर दर महिन्याला जात राहिले. अंगठा पुन्हा हलताना मला दिसला नाही, नर्सलाही नाही.

आता तुम्ही जे लिहिणार ते मीच लिहून टाकते. तो प्रश्न ते जन्मभर प्रत्येकालाच विचारत आले. मला कडेच्या नजरेने ओळखलं असेल. अंगठ्याला कंपच असेल, आला तसा गेला. सोमवारी काठावरचं काहीतरी माझ्या नकळत डोळ्यांत राहिलं असेल, आणि अपराधी मनाने मंगळवारी त्याला बाण लावला असेल. सगळं मान्य. फक्त मग एवढं सांगा — सोमवारच्या काचेवर काठाला काहीच नव्हतं, तर माझ्या डोळ्यांत राहिलं काय? ती स्लाइड अजून आहे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, लॅबच्या त्या प्रेसमध्ये, ठिपक्यासकट. मी वर्षातून एकदा काढून बघते. ठिपक्याखाली काही नाही. मला याचं स्पष्टीकरण देता येत नाही, आणि ब्रीडाने मागणं सोडून दिलं आहे.

गेल्या हिवाळ्यात डोनाल गेले. पल्लवीला मी बाणाचं पहिल्यांदा सांगितलं ते त्यांच्या अंत्यविधीहून परत येताना, गाडीत. ती हसेल असं वाटलं होतं. ती बाहेर बघत म्हणाली, "लिही हे कुठेतरी." म्हणून लिहिलं.

आता मी दर स्लाइड आधी खिडकीकडे धरते, आणि सही करण्याआधी चारवर परत येते. आल्यावर क्षणभर थांबते. वर्तुळात कडेला काही हिरवं दिसतं का बघते. लोक मला विचारतात, त्या खोलीत एकटं बसायची भीती नाही वाटत? वाटते. चुकले तर दाखवायला समोरच्या खुर्चीवर आता कोणी नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे ना, म्हणून वाटते.